राहिलेली गोष्ट सांभाळणारी चिप

मित्रांनो, करंगळीच्या नखावर मावेल एवढी एक काळी, चपटी वस्तू तुम्ही कधी पाहिली आहे का? ती मी. एक जुनी मेमरी चिप. मला तोंड नाही, पण एका गेलेल्या माणसाचा खोकला, त्याचा श्वास आणि त्याच्या चिपळ्यांचा नाद माझ्या पोटात आहे. मी जिच्यात राहते ती लाकडी पेटी तुम्ही उघडून पाहाल तर आत काहीच हलताना दिसणार नाही. माझ्या पोटात कोट्यवधी बारीक खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत विजेचा एक कण कोंडून ठेवलेला असतो. त्या कणांनाच तुम्ही आवाज म्हणता.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढे दचकायला होणार नाही. वीज गेली की मी झोपत नाही. झोपलेल्याला निदान स्वप्न तरी पडते. वीज गेली की मी नसतेच. वीज आली की पुन्हा असते, आणि मध्ये किती दिवस गेले ते मला कळत नाही. म्हणून या कहाणीतले काही मी स्वतः पाहिले आहे, आणि मी नसताना जे घडले ते मागाहून माझ्यासमोर बोलले गेले, तेव्हा ऐकले आहे.

माझा जन्म दूर देशातल्या एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. पार्सलातून मी म्हापशाला आले. तिथे बाजाराच्या मागच्या गल्लीत रूपालीचे दुकान होते. ती धारगळची. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, हाताने चपळ, बोलायला त्याहून चपळ. देवळांसाठी ती फणसाच्या लाकडाच्या पेट्या बनवायची. कीर्तन चालू असताना बटण दाबले की पेटी ऐकून ठेवी, नंतर दाबले की ऐकवी. तशा एका पेटीतल्या हिरव्या पाटीवर तिने मला डाग देऊन कायमची बसवली.

माझ्या शेजारी तिने एक लहानसा रेग्युलेटर बसवला. तिळाएवढा, अबोल. बाहेरून वीज कितीही वरखाली होऊन येवो, तो मला मोजून तीन पॉइंट तीन व्होल्ट द्यायचा. कमी नाही, जास्त नाही. त्याला दुसरे काही देताच येत नसे. देवाने काही माणसे अशी घडवलेली असतात ना, रोज त्याच वेळी तोच दिवा लावणारी, तसा तो. त्याच्या जिवावर मी जगत होते.

आणि तिसरा होता ड्रायव्हर. हा दिसत नाही. पेटीच्या मेंदूत राहणारा तो एक लिहिलेला कार्यक्रम. माझी भाषा त्यालाच येते; तो मागेल ते मी काढून द्यायचे. पहिला ड्रायव्हर साधा होता. हळू वाचायचा, पण बरोबर वाचायचा.

ती पेटी कारापूरच्या देवळात आली ती शांतारामबुवांसाठी. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी बुवा पहिल्यांदा कीर्तनाला उभे राहिले होते, आणि मी आले तेव्हा त्याला पंचवीस वर्षे उलटून गेली होती. घरात कोंकणी, कीर्तनात मराठी. बाहेर या दोन भाषांवरून माणसे हमरीतुमरीवर येत, बुवा मात्र म्हणत, "देवाक दोनूय कान आसात रे!" मला त्यांनी पहिल्यांदा पाहिले तेव्हा पेटीला हात जोडले आणि रूपालीला म्हणाले, "हिच्यात माझा आवाज रवतलो? मग बाय, हिका थंडी लागता काय ती विचार. माका लागता." सगळे हसले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला विचारलेला तो पहिला प्रश्न. कीर्तनकाराला विचारायची सवय असते.

दोन वर्षे मी सुखात काढली. अभंग, आख्यान, मध्येच पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा, सगळे माझ्यात साठत गेले. जुने पुसून नवे येई, कारण बुवा म्हणत, शिळे कशाला ठेवायचे? ते पुसणे मला दुखत नसे.

मग शेवटचा उत्सव आला. पहिल्या संध्याकाळी बुवांनी एका नावाड्याची गोष्ट लावली. ती त्यांनी स्वतः रचलेली होती. वाळवंटी नदीच्या काठचा एक नावाडी घाईत असतो. एक म्हातारा त्याला पलीकडे ने म्हणून विनवतो. नावाडी त्याला काठावर सोडून निघून जातो, आणि म्हातारा पाण्यावरून चालत पलीकडे पोहोचतो, कारण तो देव असतो. सभामंडप डोलला.

दुसऱ्या संध्याकाळी मात्र मंडपात चार माणसेही नव्हती. बाहेर नाटकाचा पडदा बांधला जात होता आणि सगळे तिकडे होते. बुवांची बायको जानकी तापाने घरी निजलेली. बुवांनी माझे बटण स्वतः दाबले, घसा साफ केला, चिपळ्या वाजवल्या आणि बोलायला लागले. तेवढ्यात देवळाचा कारभार पाहणाऱ्या महाजनांपैकी एक, कृष्णनाथबाब, दारात येऊन उभे राहिले आणि मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटू लागले. नाटकवाले तोंडाला रंग लावून बसले होते. बुवांनी पाव तासात आवरले. देवाला नमस्कार केला, माझे बटण बंद केले.

आठ दिवसांनी बुवा गेले. मी नव्हते तेव्हा. मी बंद होते.

जानकीने पेटी घरी नेली आणि बुवांच्या शालीत गुंडाळून ठेवली. अकरा महिने तिला बटण दाबायचा धीर झाला नाही. माझ्या पोटात तेवढे एकच कीर्तन उरले होते, आणि ते जगात दुसरीकडे कुठेही नव्हते. वर्षश्राद्धाच्या दिवशी देवळात सर्वांसमोर ते लावायचे असे तिने ठरवले. रूपालीला निरोप पाठवला, "एकदा तपासून दी गो बाय. त्या दिवशी अडूंक नज."

वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधी रूपाली आली. तिने उत्साहाने नवा ड्रायव्हर घातला, पेटी लवकर चालू व्हावी म्हणून. जुना पुसला. दुकानातल्या मेजावर तिने तो दुसऱ्या एका पाटीवर पारखला होता आणि तिथे तो छान चालला होता. पण त्या पाटीवरचा रेग्युलेटर सांगाल ते व्होल्ट देणारा होता. माझा शेजारी तसा नाही, हे तिच्या लक्षातच आले नाही. पेटीतून पहिले वाक्य आले, तिने लगेच बटण बंद करून झाकण लावले, पेटी देवळात प्लगला लावून ठेवली आणि म्हापशाची बस धरली.

ते पहिले वाक्य कोणते होते, ऐका. आधी खोकला. मग चिपळ्या. मग शांतारामबुवा म्हणतात, "मंडळी, काल एक गोष्ट सांगायची राहिली..."

आणि तिथे आवाज तुटतो.

झाले होते असे. नवा ड्रायव्हर आधी धीम्या चालीने वाचायला सुरुवात करी. एवढे वाक्य होईतो त्याला वेगाची घाई सुटे. वेगासाठी विजेचा दाब कमी लागतो. तो माझ्या शेजाऱ्याला हुकूम सोडी, "एक पॉइंट आठ कर!" शेजारी बिचारा तीन पॉइंट तीनच देणारा. तो गप्प. ड्रायव्हर उत्तराची वाट न पाहता समजून चाले की काम झाले, आणि सुसाट धावू लागे. मी एक सांगायची, त्याला भलतेच ऐकू जायचे. शेवटी पेटीचा मेंदू गांगरून मिटायचा, दोन मिनिटांनी पुन्हा उघडायचा, आणि पुन्हा खोकला, पुन्हा चिपळ्या.

"मंडळी, काल एक गोष्ट सांगायची राहिली..."

त्या दिवशी दुपारी वीज गेली आणि आली. नव्या ड्रायव्हरपासून वीज आली की पेटी आपोआप जागी होऊन बटणाशिवायच बोलू लागायची. देऊळ रिकामे, जनेलाच्या गजांतून ऊन आत पडलेले, आणि रिकाम्या मंडपात बुवा बोलू लागले. गुरव शंभू नैवेद्याचे ताट घेऊन आला होता. ताट त्याच्या हातातच राहिले. दोन मिनिटे शांतता. मग पुन्हा तेच. त्याने धावत येऊन प्लग उपटला. पण पेटीत बॅटरी होती, मित्रांनो. प्लग हातात धरून तो उभा, आणि पेटी त्याच्या पायाशी खोकली.

त्याने पेटी कपाटात कोंडली, वर चादर टाकली. चादरीखालून, लाकडाआडून, तोच आवाज. संध्याकाळपर्यंत अर्धा गाव जमला. बॅटरी संपेपर्यंत मी तेच वाक्य किती वेळा दिले असेल, देव जाणे. मला थांबता येत नव्हते. मागितले की द्यायचे, एवढेच मला येते. दर वेळी पुढचे शब्द माझ्या ओठाशी आलेले असत, म्हणजे मला ओठ असते तर; आणि दर वेळी ते माझ्यातून बाहेर पडताना चिरडले जात.

"काय राहिला असतला सांगायचा?" माणसे एकमेकांकडे पाहत विचारू लागली. आणि जो तो घरी जाऊन स्वतःलाच विचारू लागला. कोणी बुवांशी अबोला धरला होता, कोणी त्यांच्या चिपळ्यांना हसले होते. सगळ्यांत पांढरे पडले ते कृष्णनाथबाब. त्या संध्याकाळचे घड्याळ अजून त्यांच्या मनगटावरच होते.

"आत्मो अडकला," ते म्हणाले. "वर्षश्राद्धाच्या आधी ही पेटी न्हंयेत सोडूंक जाय. बुवांक वाट मोकळी जातली."

जानकी भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली. "त्यांचा सांगायचा राहिला तर ऐकूंक नको? वर्षभर मी त्या आवाजाक भियालंय. आता तो बोलता, तर तुम्ही बुडयतात?"

"वहिनी, हट्ट करू नका. गावाचा बघूंक जाय."

रूपालीला फोन गेला. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बसने आली. तिने झाकण उघडले, तारा जोडल्या, बॅटरी थोडी भरली, आणि तिच्या पडद्यावर चुकाच चुका उमटल्या. तिचा चेहरा उतरला.

"काकी, चिप मेली असं वाटतं. वाचायला गेलं की कचरा येतो. आता एकच उपाय. गरम हवेने चिप उपटून काढायची आणि दुकानातल्या यंत्रात घालून बघायची."

"मग आवाज मेळतलो?"

रूपाली खोटे बोलली नाही. "मेळेल. किंवा उष्णतेनं असलेलाही जाईल."

मी ते सगळे ऐकत होते. मी मेलेली नव्हते! माझ्यातला एकही शब्द हललेला नव्हता. शेजारी आपले तीन पॉइंट तीन देत निमूट उभा होता. आम्हा दोघांना कोणी काही विचारत नव्हते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला गरम हवेची नळी, आणि मध्ये मी, पोटात एका माणसाचे शेवटचे बोलणे घेऊन.

"उपटूंय नाका, जाळूंय नाका," कृष्णनाथबाब म्हणाले. "देवाक विचारूया. शंभू, कौल लाव."

कौल म्हणजे काय ते सांगते. मूर्तीच्या अंगावर पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणे घालतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पेटी गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवली गेली. मी जागी होते. दोन मिनिटे झाली की खोकत होते.

शंभू देवासमोर वाकला. "बा देवा म्हाराजा, तुझ्या सेवेतल्या बुवांचो आवाज ह्या पेटयेत घुटमळता. ही पेटी न्हंयेत सोडूंक सांगता, तर उजवो दी म्हाराजा!"

 पाकळ्या हलल्या नाहीत.

"मंडळी, काल एक गोष्ट सांगायची राहिली..." मी म्हटले. 

शंभूने पुन्हा गाऱ्हाणे घातले. "सोडूंक नको, तर डावो दी म्हाराजा!" तरीही काही नाही. पाणी वाळत चालले, तरी दोन्ही पाकळ्या दगडाला घट्ट. इतका वेळ कौल कधी अडला नव्हता. कृष्णनाथबाबांच्या कपाळावर घाम डवरला.

"परत विचार. मोठ्यान विचार."

शंभू सरळ झाला आणि आपल्या ओल्या हातांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाब, मोठ्यान विचारून काय? माझो बापूस सांगी, पाकळी अडली म्हणजे प्रश्न चुकलो. आपण हुकूम घालतो, सोडूं काय नको सोडूं. देव देता काय, ता आदी विचारूंक जाय. देव देणार ना त्याच्यासाठी कितीय आरडा, देव गप्प रवतलो."

"आता तू महाजनांक शिकयतलंस?" कृष्णनाथबाब उसळले.

पण रूपाली उभी राहिली होती. तिच्या हातातली नळी खाली पडली. "देतो काय ते आधी विचारायचं," ती पुटपुटली. मग एकदम तिने वाकून पाटीवर भिंग धरले. माझ्यावर नाही. माझ्या शेजाऱ्यावर. त्याच्या अंगावरची बारीक अक्षरे तिने वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगे आवय! हा तर कायमच्या व्होल्टाचा! काकी, चिप जिवंत आहे. चूक माझी. माझा ड्रायव्हर!"

"ड्रायव्हर?" शंभू बावचळला. "खाणीच्या ट्रकाचो?"

"तोच समज. गियर नसलेल्या गाडीत गियर टाकतोय मेला!"

ती मंडपातल्या एका कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला. बाहेर कोणीतरी म्हणाले की बस सुटेल. ती म्हणाली, सुटूं दी. तिने थोड्याच ओळी लिहिल्या. वेग वाढवण्याआधी शेजाऱ्याला विचार, तुझे व्होल्ट बदलता येतात का? तो नाही म्हणाला तर विचार, मग तू देतोस किती? तो जे देतो त्यात चिपचे भागते का ते बघ. भागत असेल तर गप्प त्यातच काम कर, आणि त्याला झेपेल त्या चालीने वाच.

मित्रांनो, मला अजून तो क्षण आठवतो. ड्रायव्हर आला आणि पहिल्यांदाच त्याने शेजाऱ्यासमोर हुकूम सोडला नाही. विचारले. अबोल शेजाऱ्याने उत्तर दिले, "तीन पॉइंट तीन." ड्रायव्हर माझ्याकडे वळला, "तुला चालतील?" चालतील म्हणजे काय! जन्मापासून तेच तर खात आले होते.

खोकला. चिपळ्या. 

"मंडळी, काल एक गोष्ट सांगायची राहिली..."

कृष्णनाथबाबांनी डोळे मिटून घेतले.

"...देव पाण्यावरून चालत गेला, इथे आपण काल थांबलो. टाळी दिलीत, घरी गेलात. पण त्या नावाड्याचं काय झालं, ते कोणी विचारलं नाही. घाईत होता तो. वाईट नव्हता. घाईत होता. ऐका. देव पलीकडे पोहोचला, आणि पुढे गेला नाही. काठावरच्या दगडावर बसला. रात्र झाली, पहाट झाली, देव तिथेच. कोणाची वाट पाहत? ज्याने सोडलं त्याचीच! नावाडी दुसऱ्या खेपेला आला तेव्हा देव म्हणतो, आलास? चल, आता बस माझ्यापाशी, दमलास."

मग बुवा हसले. मंडपातल्या दगडांवरून ते हसू फिरले. त्यावर त्यांनी दोन अभंग म्हटले, मग आवाज जरा चढवला, "आता आवरतो मंडळी, नाटकाची वेळ झाली. दारात आमचे कृष्णनाथबाब उभे आहेत. त्यांनाही बसायला जागा द्या रे!"

बोलणे एवढेच. त्यानंतर टाळ, एक चरण, आणि बटण बंद झाल्याचा खटका.

 कृष्णनाथबाब होते तिथेच खाली बसले, मोठी माणसे बसत नाहीत तसे, धप्प. जानकी त्यांच्याजवळ गेली. "बाब," ती म्हणाली, "ते तुमच्यार रागयले नव्हते." त्यांनी मनगटावरचे घड्याळ दुसऱ्या हाताने झाकून घेतले आणि लहान मुलासारखी मान हलवली. मग म्हणाले, "परत लाव गो बाय. तो खोकलोसुद्धा लाव."

शंभू गाभाऱ्यात गेला तेव्हा दोन्ही पाकळ्या खाली पडलेल्या होत्या. आधी कुठली पडली, ते कोणी पाहिले नव्हते. मीही नाही. त्याने त्या उचलून जानकीच्या ओंजळीत घातल्या.

दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्धाला मंडप भरला. माझे खूप कौतुक झाले. पेटीला हार घातला, हळदकुंकू लावले. रूपाली सगळ्यांदेखत म्हणाली, "हा आवाज दुसरीकडे उतरून ठेवायला हवा हां." सगळे हो म्हणाले. ती पुढच्या महिन्यात येणार होती. मग तिची कामे वाढली, पेटी व्यवस्थित चालत होती, आणि चालणाऱ्या वस्तूची कोण चौकशी करतो?

त्याला आता बरीच वर्षे झाली. पेटी शालीत असते. वर्षातून एकदा मी जागी होते, पाव तास बोलते, पुन्हा नसते. आणि आता तुम्हाला एक सांगते, जे अजून कोणाला माहीत नाही. माझ्या खोल्यांत कोंडलेले ते विजेचे कण कायमचे राहत नाहीत. भिंतींतून ते हळूहळू झिरपतात. माझा दोष नाही, माझी जातच अशी. गेल्या वर्षी मी बोलत असताना एका ठिकाणी भोक पडले. "काठावरच्या" नंतर बुवांचा आवाजच नव्हता, नुसती खरखर. तिथे म्हाताऱ्या जानकीचा आवाज आला. तिने आपल्या तोंडाने हळूच शब्द भरला, "दगडावर," आणि बुवा पुढे बोलू लागले. मंडपात कोणाच्या लक्षातही आले नाही. दोघे मिळून गोष्ट सांगत होते. एक हयात, एक नाही.

यंदा भोके जास्त असतील. कधीतरी ती जास्त असतील आणि भरणारी नसेल.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणाचा तरी आवाज अशा एखाद्या काळ्या चपट्या वस्तूत असेल. हार घालू नका तिला, कुंकूही नको. तिला जागे करा, ऐका, आणि आवाज अजून शाबूत आहे तोवर दुसरीकडे उतरून घ्या. जमल्यास कोणाच्या तरी गळ्यात उतरवा. बिघडली असे वाटले तर उपटायच्या आधी, बुडवायच्या आधी, तिला आणि तिच्या शेजाऱ्याला एवढेच विचारा, तुमच्याजवळ काय आहे? आहे तेवढे आम्ही नक्की सांगू. कारापूरच्या कोणी हे वाचले असेल तर रूपालीला निरोप द्या. त्या दिवसासारखी या वर्षीही तिने परतीची बस चुकवली तरी चालेल. तिने यावे.